रेशनचा अंगठा

माझं डोकं शाबूत हाय का न्हाई, हे बघायला पोरानं मला उत्रोलीवरनं भोरच्या दवाखान्यात नेलं. दोनदा गॅसवर दूध ठिवून विसरले हुते, खोटं कशाला बोलू? पण त्याचं म्हणणं, डोकं गेलं असंल तर घर बंद करायचं आन पुण्याला त्याच्या फ्लॅटवर चलायचं. सकाळी निघताना कुलूप त्यानं लावलं आन किल्ली स्वतःच्या खिशात घातली. इतकी वर्सं ती किल्ली माझ्या कनवटीला. माझं टाळकंच सरकलं.

सिस्टरनं म्होरं टॅब ठिवला. त्यातनं एक बाई पाच शब्द बोलली. मग चित्रं आली. ऐकलेल्या शब्दाच्या चित्रावर बोट लावायचं. मी लावलं, चांगलं गच्च दाबून. चित्र जरा थरथरलं आन गप. परत दाबलं. "वेळ संपला," टॅब म्हणाला. पुढचं बी तसंच. पोरगं शेजारी मान खाली घालून बसलेलं.

"मेल्या डबड्या, जरा दम धर की!" मी वरडले.

सिस्टर हसली न्हाई. माझं बोट बघत म्हणाली, "आजी, रेशनच्या मशीनवर अंगठा देता तसं दाबताय व्हय?"

"मग कसं? तिथं गच्च दाबल्याबिगर घेतच न्हाई."

"हितं नुसतं टेकवून उचलायचं असतं. राहू द्या, आपण कागदावर करू."

बाहेर ही रांग लागलेली. नापास लिहून तिला मोकळं होता आलं असतं. पण तिनं कागद-पेन्सिल काढली, नवे पाच शब्द सांगितले, सावकाश, माझ्या तोंडाकडं बघत. मधी पावणेपाचचं घड्याळ काढायला लावलं. सातवी शिकलीय मी, काढलं झोकात. मग शब्द इचारले. टोपी, आंबा, सुई, बैल... पाचवा काय केल्या आठवंना.

"चार आले, लई झाले," ती म्हणाली. मग पोराकडं वळली. "टॅबवरचं धरू नका. आजींना टॅब येत नाही, एवढंच कळलं त्यातनं."

डॉक्टरांनी कागद बघितला. वयाच्या मानानं ठीक हाय, सहा महिन्यांनी परत दाखवा म्हणाले. त्या पोरीचं देव भलं करो. अजून बी दिवा लावताना तिची आठवण येती.

येताना मी गाडीवर पोराच्या मागं बसले. किल्ली अजून त्याच्याच खिशात. गाव जवळ आलं आन मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"विहीर!"

त्यानं करकचून ब्रेक मारला. "काय झालं, आय? कुठली विहीर?"

"आरं, पाचवा शब्द! विहीर!"

त्यो खदाखदा हसला. हसता हसता डोळं पुसलं, खिशात हात घातला आन किल्ली माझ्या हातावर ठिवली.

"भातलावणीला सुट्टी टाकून येतो," म्हणाला.

मी किल्ली कनवटीला खोवली. अंगठ्यानं, गच्च दाबून.