पहिल्या हाकेला

१९६८, डिसेंबरातला दुसरा रविवार, संध्याकाळी साडेसहा. ठरलेली बिदागी पंधरा रुपये. हजर दहा: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या पत्नी, समोरचे तांदळाचे व्यापारी, शाळेतले दोन मास्तर, मी, माझी बायको, आमच्या दोन मुली आणि माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. जागा आमच्या घराची पुढची खोली, बारा फूट बाय दहा.

नट एकच होता. नागपूरकडचे पन्नाशीचे गृहस्थ, गावोगावी लोकांच्या घरात खेळ करायचे. सामान एक स्टूल आणि एक कंदील. व्यापाऱ्यांनी त्यांना दारातच विचारलं, “एकटेच? बाकीच्यांची गाडी चुकली काय?” ते म्हणाले, “बाकीचे तुम्हीच आहात.” खेळाचा विषय काय, हे मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बहुतेक आमची खोली दिली नसती.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात जुना प्रांत मोडला. नागपूर नव्या सीमेपलीकडे गेलं, आमचं बालाघाट इकडे राहिलं. भाऊ कचेरीत कारकून होता. त्याची बदली दूर रीवाकडे निघाली. त्याला ती नको होती. नागपूरला दुसरी नोकरी शोधतो आणि बायकोला सोबत नेतो, असं तो म्हणाला. मी म्हणालो, आधी बस्तान बसव, मग ने. सत्तावनच्या जानेवारीत तो एकटा गेला. दोन पत्रं आली, नंतर काही नाही. मी दोनदा नागपूरला जाऊन आलो. खोली सोडून गेले, एवढंच घरमालकानं सांगितलं.

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर तो गेला असं धरतात, पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. जानेवारीत बारा वर्षं भरत होती. भटजींकडून दिवस मीच काढून आणला होता. त्या दिवशी वहिनींचं कुंकू पुसलं जाणार होतं. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमी हिशेबानंच करान, भाऊजी. चुकनार नाही.”

खेळ सुरू झाला. पुष्कळ वर्षांनी परत आलेला माणूस, एवढंच त्यात होतं. स्टुलाभोवती फिरत तो आपलं घर आठवत होता. इथे चूल, इथे माठ, इथे आईची काठी टेकलेली. हात लावायला जायचा आणि हवेतच थांबायचा. एकदा तो माझ्यासमोर वाकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “इथं माझा भाऊ झोपायचा.” मी भिंतीला टेकून बसलो होतो. खरोखरच मी तिथेच झोपतो.

शेवटच्या भागाआधी त्यांनी भूमिका सोडून साध्या आवाजात सांगितलं, “आता मी बाहेर जाईन. दार लावून घ्या. मी तीन हाका मारीन. कोणी उठायचं नाही. पावलं लांब गेली की खेळ संपला.”

मी दार लावलं, कडी घातली. कंदील आत होता. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग हाक आली.

“दार उघड गा.”

अंधार पडल्यावर बाहेरून एकच हाक आली तर ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. जिवंत माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारतो. अठ्ठावन्न सालच्या थंडीत एका पहाटे, नागपूरहून येणारे जिनं येत ती गोंदियाची गाडी येऊन गेल्यावर, मी अशीच हाक ऐकली होती. हेच शब्द. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत पडून राहिलो. ती आली नाही. उजाडल्यावर अंगणात पावलं पाहायला गेलो, तोवर वहिनींचा सडा टाकून झाला होता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

त्या रविवारी पहिल्याच हाकेला वहिनी उठल्या. मुलींना ओलांडून त्या दाराशी गेल्या आणि त्यांनी कडी काढली.

नट दुसऱ्या हाकेसाठी तोंड उघडून उभे होते. ते गोंधळले. हळूच म्हणाले, “बाई, मला आत यायचं नाही. खेळात तो परत जातो.”

“जात असन,” वहिनी म्हणाल्या. “थंडी हाय. या. पाय धुवा.”

व्यापारी हसले. “या, आता काही सुटका नाही तुमची.” बाकी कोणी हसलं नाही. नटांनी पाय धुतले आणि ते आत येऊन स्टुलावर बसले. वहिनींनी त्यांना तांब्या दिला आणि ते पाणी पीत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग त्या आत निघून गेल्या. नट मला म्हणाले, “याच्या पुढचं माझ्याकडे काही नाही हो. आजवर दार कोणी उघडलंच नव्हतं.”

लोक गेले. मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, “अठ्ठावन्न साली एक हाक आली होती. मी ऐकली होती.”

“मले ठाऊक हाय. तुमची कूस बदलल्याचा आवाज आला मले. मी बी जागीच होती.”

“मग तुम्ही का नाही उठलात?”

“घरात पुरुष मानूस जागा असताना मी उठू? मी तुमी उठाची वाट पाहत होती.”

“सडा टाकण्याआधी पावलं दिसली होती का?”

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “कंदील घरातच ठेवून गेलती मी. अंधारात सडा टाकला. दिसू नये म्हनून.”

मग म्हणाल्या, “तो पुतळा नाही कराचा, भाऊजी. तो असन का नसन, ते मले नाही मालूम. पन दारातून वापस गेला तो आपल्या दोघांमुळं. आता त्याले आपनच जाळाचं काय?”

मी दुसऱ्या दिवशी भटजींकडे जाऊन दिवस रद्द केला. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही. तेव्हापासून अंधारात हाक आली तर मी पहिल्याच हाकेला उठतो. बहुतेक वेळा ती दुसऱ्याच घरासाठी असते.

नटांचे पंधरा रुपये मी त्याच रात्री दिले. खेळ अर्धाच झाला म्हणून ते दहाच घेत होते. ठरले ते ठरले म्हणून मी पूर्ण दिले.

जानेवारीत जंगलाकडच्या गावाहून एक बाई डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा घेऊन आली. तीनशे साठ पानं मीच सांगून ठेवली होती आणि तिला नको म्हणून कळवायचं राहून गेलं होतं. वहिनींनी तिला चहा दिला आणि भारा परत न्यायला सांगितला. मी पैसे पुढे केले तेव्हा बाई म्हणाली, “पानं मी वापस नेऊन राह्यली, मंग पैसे काहून?” ती सहा मैल चालून आली होती. ठरलेले दोन रुपये मी तिला दिले.