टेम्पोवाला बरा झाला

पिंपळगाव बसवंतला कांदा निवडणाऱ्या एका मावशींवर गेल्या सोमवारी सकाळी अन्याय झाला. ऑपरेशनचे टाके चिघळलेले असताना सरकारी नोंदीत त्या ठणठणीत ठरल्या. सरकारी योजनेतून उपचार झाल्यावर तब्येत विचारायला येणारा पडताळणीचा फोन त्यांना गेलाच नाही. तो गेला त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या टेम्पोवाल्याला, कारण दवाखान्याच्या काउंटरवर भरती करताना त्याचाच नंबर लिहिला होता.

हा टेम्पोवाला मला कांदा मार्केटबाहेर चहाच्या गाडीवर भेटला. फोन वाजला की आधी हात पँटला पुसायचा, उभा राहायचा, मगच उचलायचा. मला मोठी गंमत वाटली.

"दादा, त्यांनी विचारलं तरी काय?"

"तब्येत कशी हाय म्हणे. मी म्हनलं, एकदम झकास! दुखनं मावशीचं, अन् बरा झालो मी."

मी हसलो आणि लगेच चिडलो. समोर कोण बोलतंय तेही न विचारणं, याला पडताळणी म्हणायचं?

तेवढ्यात त्यानेच दवाखान्यात पोहोचवलेल्या दुसऱ्या पेशंटसाठी तसाच फोन आला. "थांबा मॅडम, त्यांच्या घरी जाऊन विचारतो," म्हणत तो अर्धा चहा टाकून टेम्पोकडे पळाला.

हे काम त्याचं नाही. तुमचं माणूस दवाखान्यात असेल, तर आजच काउंटरवर जा आणि तिथे कुणाचा नंबर लिहिलाय ते मोठ्याने वाचून दाखवायला लावा.