मास्तर, मी आणि टेन्शन

आमच्या शेजारच्या इंग्रजीच्या रिटायर मास्तरांइतका बिनकामाचा शहाणा माणूस सगळ्या सोलापुरात शोधून सापडणार नाही. तुमच्या तोंडून एखादा इंग्रजी शब्द निसटला, की मास्तरांनी तुम्हाला धरलंच. भाजीवाली म्हणाली, "सर, आज रेट जास्त हाय," तर तिला भर उन्हात उभी करून 'रेट' कुठल्या देशातून कसा आला ते सांगितलं. तोवर तिची मेथी माना टाकून बसली. मास्तर दिसले की शुक्रवार पेठेतली पोरं शुद्ध मराठी बोलू लागतात. हे काम कुठल्या शाळेला जमलं नव्हतं.

मी चौथी पास, त्यात तोंडाची फटकळ. तरी मास्तर रोज चहाला माझ्या ओट्यावर यायचे, कारण दुसरं कोणी ऐकून घेत नसे. 'टेन्शन' या शब्दावर माझा फार राग. सून म्हणे टेन्शन, रिक्षावाला म्हणे टेन्शन. मी सगळ्या गल्लीला ऐकवायची, "काम न्हाय त्यास्नी टेन्शन. आमी चादरीच्या कारखान्यात जन्मभर सुताच्या कांड्या भरल्या, आमास्नी कुटं झालं टेन्शन?"

मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तोवर भातातला खडा मला दातालाच कळायला लागला होता. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला, तर बीपी इतकं चढलं की डॉक्टरांनी घरी पाठवलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. डॉक्टर माझ्यासमोर सुनेला म्हणाले, "आजींना टेन्शन आलंय. असंच राहिलं तर डोळ्याचं ऑपरेशन करता येणार नाही." सून हसली नाही, हे तिचे उपकार. जन्माची फुशारकी माझी, त्या हातभर पट्ट्यानं उतरवली.

तिसऱ्या खेपेला मास्तर सोबत आले. मला वाटलं, धीर देतील. कसला धीर! बाकावर टेकले आणि सुरू झाले. "अक्का, टेन्शन म्हणजे मुळात ताणणं. लॅटिनमधून आलेला शब्द. टेंट, म्हणजे तंबू, तोही त्याच घरचा, ताणूनच उभा करतात ना? आणि आपला 'ताण' म्हणजे या सगळ्यांचा चुलतभाऊ."

"मास्तर, गप बसा की. टेन्शन मला शिकवू नका. कारखान्यात जॉबर, आमचा मुकादम, रोज वरडायचा, सुताचं टेन्शन बगा म्हनून."

"सुताचं? पण तुम्ही तर म्हणायचा, कारखान्यात टेन्शन नव्हतं!"

मी जीभ चावली. पण मास्तरांनी वही काढली होती. "ते बघायचं कसं?"

"बोटावरनं सूत जाऊ द्यायचं. लई वडलं की तुटतंय. सैल सोडलं की कांडी पोकळ भरती, मागावर गुंता."

"सैल म्हणजे किती सैल?"

"तुमच्या जिभंएवढं."

मास्तर खदखदून हसले. "बरं, कोणतं बोट?"

मी बोट पुढं केलं. सूत फिरून फिरून पडलेली खाच त्यांनी चष्मा वर करून पाहिली. शाळेतल्या पोरासारखे प्रश्न विचारून त्यांनी माझं डोकं खाल्लं. मी चिडून सांगत होते, तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "आजी, बीपी बरोबर आहे. चला आत." दंडाला पट्टा कधी बांधला, ते मला कळलंही नव्हतं. मास्तरांनी हे मुद्दाम केलं की सवयीनं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोळ्याची पट्टी निघाली. संध्याकाळी मास्तर ओट्यावर आले, आणि कितीतरी वर्षांनी ते मला नीट दिसले. मी त्यांना कडक इस्त्रीचा माणूस समजत होते. कॉलरच्या दशा निघाल्या होत्या. खांद्यावर कापड इतकं विरलं होतं की आतला बनियन दिसत होता. एक बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं, तेही तिरकं. त्यांची बायको जाऊन किती वर्षं झाली, ते मी मनात मोजू लागले.

"काय अक्का, कसं दिसतंय?" मास्तरांनी हौसेनं विचारलं.

खरं तोंडावर सांगायला मी आजवर कधी कचरले नव्हते.

"झकास दिसतंय की," मी म्हणाले. "बसा, च्या टाकते."