कासवांच्या मागे धावलेली माणसं

कासवांवर काम करतो म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "वा, निवांत काम!"

निवांत? जव्हारच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही तिघं. केतकी मॅडम पुण्याच्या, गोड्या पाण्यातल्या कासवांच्या अभ्यासक. लहूदादा मोखाड्याकडचा, जीप चालवतो. आणि मी जव्हारचाच, गावोगाव जाऊन लोकांशी बोलणं हे माझं काम. कासव आम्हाला महिनोन्‌महिने दिसत नाही. गोंधळ मात्र रोज दिसतो! संध्याकाळी चहाला बसलो की एकाने किस्सा काढायचा, दुसऱ्याने त्यात दुरुस्ती करायची आणि तिसऱ्याने म्हणायचं, "असं झालंच नव्हतं." अशाने किस्से कमी होत नाहीत, एकाचे तीन होतात.

*

एकदा पोशेरा गावी गेलो होतो. आम्ही शोधत होतो ते मऊ पाठीचं कासव. त्याच्या पाठीवर टणक खवले नसतात, नुसती चामडी असते. ही जात आता फार थोड्या नद्यांत उरली आहे, म्हणून मॅडमचा जीव तिच्यात अडकलेला.

शाळेच्या ओट्यावर म्हातारी मंडळी बसली होती. मी विचारलं, "बाबा, इथल्या नदीत कासव आहे का?"

"हाय ना!"

मॅडमनी लगेच पेन काढलं. "पाठ कशी असते त्याची? टणक की मऊ?"

मंडळी चक्रावली. आपसांत, त्यांच्या बोलीत, बरीच चर्चा झाली. एकाचं दुसऱ्याला पटेना. शेवटी सगळ्यांत वयस्कर बाबा घसा खाकरून म्हणाले,

"पयली टणकच असते. शिजली का मऊ होते!"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

*

त्यानंतर मॅडमनी ठरवलं, जनजागृती पाहिजे. खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी छोटा मंडप टाकला. घोषवाक्य माझं होतं. 'कासव वाचवा' सगळेच लिहितात, आपण काहीतरी पॉझिटिव्ह लिहू, असं मीच म्हणालो होतो. मोठ्ठा बॅनर लावला: 'चला, कासव वाढवा!'

गर्दी जमली. भाषण सुरू झालं. लोक शांतपणे ऐकत होते, कुणी उठेना. मॅडम खूश! लहूदादाच्या कानाशी लागून म्हणाल्या, "बघा, इंटरेस्ट आहे लोकांना."

भाषण संपलं तरी कुणी हलेना. मग पुढच्या रांगेतल्या एका काकांनी हात वर केला.

"मॅडम, बोलून झालं असंल तर पंगत बसवू का? वाढणार कोण?"

*

जव्हारमध्ये एका दुकानदारांनी काचेच्या पेटीत कासव पाळलं होतं. कानामागे लाल पट्टा असतो ना, ते परदेशी कासव. पेटी लहान पडायला लागली म्हणून त्यांनी ते तळ्यात सोडलं आणि पुण्याचं काम केलं म्हणून स्वतःचाच सत्कार ठरवला. प्रमुख पाहुण्या अर्थात आमच्या मॅडम!

मॅडमच्या हातात शाल आणि नारळ. आता काय करणार? त्यांनी आधी दुकानदारांना शाल घातली आणि मग माइकवर शांतपणे समजावलं, की बाहेरचं कासव इथल्या कासवांचं खाणं खातं, जागा बळकावतं, रोग पसरवतं. सभा गंभीर झाली. दुकानदारही गंभीर झाले. विचार करून म्हणाले,

"एकटं आहे म्हणून वैतागलं असेल हो. त्याला जोडीदार आणून सोडतो!"

पुढचा आठवडाभर आम्ही तिघं त्या तळ्यात जाळं घेऊन फिरत होतो. काठावर कपडे धुणाऱ्या एक बाई रोज आमच्याकडे बघायच्या. कासव सापडलं त्या दिवशी आम्ही नाचलोच. त्या बाईंनी कपडा पिळला आणि म्हणाल्या, "आमी धरला तर गुन्हा. तुमी धरला तर नोकरी!"



*

वाघ नदीच्या काठी कासवाचं घरटं सापडलं. कुत्री आणि मुंगूस अंडी उकरतात, म्हणून जवळच्या पाड्यावरच्या सोमादादांना राखणीला ठेवलं. मॅडमनी बजावलं, "आत कुणालाही जाऊ द्यायचं नाही. कुणालाही!"

सोमादादांनी भोवती दगडांचा बांध घातला. पुढच्या फेरीला आम्ही गेलो तर त्यांनी मॅडमलाच काठी आडवी धरली. "कुणालाही नाय म्हणजे नाय."

"अहो, मीच सांगितलं होतं ना?"

"म्हणून तर!"

बऱ्याच विनवण्या करून मॅडम आत डोकावल्या आणि किंचाळल्या. पिल्लं बाहेर आली होती आणि बांधाला धडकत गोल गोल फिरत होती. आम्ही घाईघाईने दगड काढले. पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे गेली. सोमादादा मात्र दुखावले.

"आत नाय सोडायचा, येवढाच बोलल्या तुमी. भायर सोडायचा का नाय, ते कोण सांगणार?"

*

आणि ही जानकीमावशींच्या पाड्याची गोष्ट. ही सांगताना आम्ही तिघं एकमेकांना दुरुस्त करत नाही.

पाड्याखालच्या डोहात आम्हाला अखेर मऊ पाठीची मादी सापडली होती. परातीएवढी, पाठीच्या उजव्या कडेला खाच पडलेली. आमच्या सगळ्या भटकंतीत दिसलेली ती एकच.

त्या उन्हाळ्यात डोह आटत चालला. विहीर आधीच कोरडी पडली होती, बाया डोक्यावर हंडे घेऊन टेकडी उतरून यायच्या. पाड्याने ठरवलं, उरलेलं पाणी हंड्या-पिंपांत उपसून घरी न्यायचं, गाळ काढायचा, म्हणजे पावसात डोह भरपूर भरेल. मॅडम म्हणाल्या, "थोडं थांबा ना, आत कासव आहे."

जानकीमावशींनी हंडा खाली ठेवला. "बाय, ती हाय तशा आमच्या पोरी पण हायेत."

उपशाच्या दिवशी मादीला उचलून मोठ्या धरणात नेऊन सोडायचं आम्ही ठरवलं; पाड्याला ते फारसं रुचलं नाही. आम्ही मोठा टब घेऊन पहाटेच निघालो.

पोचलो तर उपसा उरकला होता. गाळात हात घालून, काठीने चाचपून आम्ही इंच न्‌ इंच शोधला. मादी नव्हती. ज्याला विचारावं तो म्हणे, "माला नाय माहीत." कुणी नजरेला नजर देईना. काय झालं असेल ते आम्ही समजलो. लहूदादाने रिकामा टब जीपमध्ये टाकला. मॅडम खडकावर बसून रडत होत्या. मावशींनी त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, "जा आता घरी. ऊन होईल."

पावसाळा गेला. त्या वाटेला जायची आमची इच्छा नव्हती, पण काम होतं. डोह काठोकाठ भरलेला. आणि मधल्या खडकावर, ऊन खात, ती! परातीएवढी. उजव्या कडेला खाच. मॅडमनी दुर्बीण माझ्या हातात कोंबली, मी लहूदादाच्या. तिघांना तेच दिसलं.

मावशी काठावर भांडी घासत होत्या. मी धावतच गेलो. "मावशी, पाणी नव्हतं तेव्हा ही कुठं होती?"

"पाव्हणी गेली होती."

"कुणाकडे?"

मावशींनी हंडा विसळला, भरला, डोक्यावर घेतला.

"सगळ्यांकडं, पाळीपाळीनं," म्हणाल्या, आणि टेकडी चढू लागल्या.