रोज येणारी शेवटची ऑफर

"मॅडम, मला ती ऑफर परत पायजे," मांडवगण फराट्याच्या कुसुममावशी फोनवर म्हणाल्या. "शेवटची दहा मिनिटं लिव्हलं होतं. तुमच्यापायी ऑफर बी गेली आन् बहीण बी रुसली."

मी पुण्यातल्या एका मोबाइल गेम कंपनीत प्रायसिंगचं काम करते, यवतला घरी बसून. गेम फुकट आहे. रंगीत मणी जुळवायचे, अडलात की नाणी विकत घ्यायची. त्या नाण्यांचा भाव मी ठरवते. वर चारशे नव्याण्णव लिहून काट मारायची, खाली नव्याण्णव. काट मारलेल्या आकड्याला आम्ही स्ट्राइक प्राइस म्हणतो. शेजारी टायमर, म्हणजे उलटं पळणारं घड्याळ. मावशींचा मेल मराठीत होता, म्हणून सपोर्टवाल्यांनी तो माझ्याकडे ढकलला आणि मी फोन लावला.

मावशी रिटायर नर्स. त्या दिवशी दौंडला धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बहीण भित्री. तू असशील तरच आत जाईन, म्हणाली होती. एसटीत वेळ जावा म्हणून मावशींनी गेम उघडला, तर समोर ऑफर. पैसे भरायला गेल्या तर रेंज नाही. फाट्यावर गाडी थांबली तशा त्या खाली उतरल्या. मोबाइल उंच धरून चार पावलं पुढं गेल्या. पेमेंट काही होईना. मागं कंडक्टरनं बेल मारली.

पुढची गाडी तासाभरानं आली. त्या पोचल्या तोवर बहिणीला आत नेलं होतं.

"आयुष्यभर परक्या बायांचे हात धरले म्या," मावशी म्हणाल्या. "सख्ख्या बहिणीचा धरायचा ऱ्हायला."

मला राहवलं नाही. "मावशी, ती ऑफर उद्या परत येईल. रोज येते."

"आन् ते चारशे नव्याण्णव?"

"त्या भावानं आम्ही कधीच विकलं नाही."

"म्हंजी चारशे वाचवाय उतरले, ते चारशे नव्हतंच व्हय?"

मी "नाही" म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मीटिंगमध्ये मी आमच्या टीमच्या सरांना सगळं सांगितलं. खोटा टायमर काढा, स्ट्राइक प्राइस काढा, म्हणाले.

सर पुढं सरकले. "ऑफरसाठी त्या एसटीतून उतरल्या?"

"हो सर."

"म्हणजे टायमर जबरदस्त काम करतोय!"

"सर, त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन होतं."

"तेच ना. रेंज गेली म्हणून आपला कस्टमर सुटला. रेंज गेली की टायमर थांबवू. 'तुमच्यासाठी ऑफर राखून ठेवली आहे' असा मेसेज टाकू. मराठीत. तूच लिही."

मी विरोधाचा मेल टाकला. "नोटेड," एवढंच उत्तर आलं. मेसेज दुसऱ्या कुणीतरी लिहिला, शुद्धलेखनाच्या तीन चुकांसह. तरी विक्री वाढली.

मावशींनी गेम काढून टाकला, पुन्हा फोन केला तेव्हा कळलं. बहिणीला नीट दिसायला लागलंय. दोघींचं बोलणंही सुरू झालंय, पण तुटक.

माझ्या अप्रेझलमध्ये 'ग्राहकाची नस ओळखते' असा शेरा आला. आता कुठलीही तक्रार वर पाठवण्याआधी मी एकच विचार करते : हिच्यातून सर काय विकतील?