न चाखलेले बुन्युएलो

लेकीने आठ दिवस आधीच फोनवर बजावलं, “आई, प्लीज, पुरणपोळी नको. जस्ट कीप इट सिंपल, ओके?”

तिच्या मित्राची आई पहिल्यांदाच आमच्या शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या घरी यायची होती. बाई मूळच्या कोलंबियाच्या. मुलाने आपल्यातलीच मुलगी करावी असा त्यांचा हट्ट, त्यामुळे लग्नाला अजून होकार नव्हता. मुलगा म्हणे, आई नाही म्हणाली तरी करू. माझी लेक म्हणे, रुसलेल्या सासूच्या घरात मी पाऊल टाकणार नाही. पोरगी माझ्यावर गेली आहे, बोलली ते करणार. म्हणजे सगळं त्या एका संध्याकाळवर आलं होतं.

मग मी ठरवलं, त्यांच्याच देशाचा फराळ करायचा. बुन्युएलो म्हणजे चीज आणि टॅपिओकाच्या पिठाचे तळलेले गोळे. टॅपिओका म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच कंद. तीस वर्षं उपास केलेल्या नागपूरच्या बाईला त्याचं काय भय! व्हिडिओतली बाई सांगत होती, चीज खारट असतं, वर मीठ घालू नका. मीठ नको? आजाऱ्याला द्यायचेत का? मी अंदाजाने दोन चमचे घातलं. अंडं मात्र गाळलं, कारण पहिला घाणा देवापुढे जाणार होता.

आणि काय फुलले ते! तेलात आपापल्या गिरक्या घेत सोनेरी झाले. मीही शेगडीपुढे एक गिरकी घेतली. नवरा म्हणाला, “अगं, एक चाखून तरी बघ.”

“नैवेद्याआधी? तुमचं आपलं काहीतरीच!”

दोन बुन्युएलो वाटीत घालून देवापुढे ठेवले. गूळ घालून हॉट चॉकलेट उकळलं. त्यात चीजचे तुकडे टाकायचे आणि मऊ झाले की चमच्याने खायचे, अशी तिकडची पद्धत. आधी मला हसू आलं होतं, पण चहात खारी बुडवणाऱ्यांनी कोणाला हसावं?

बाई आल्या, बसल्या, बुन्युएलोचा घास घेतला आणि थांबल्या. मग सावकाश चावला, ग्लासभर पाणी प्यायल्या आणि दुसरा घास घेतला. किती आवडला म्हणून मी आणखी दोन वाढले.

तेवढ्यात लेकीने घास पेपर नॅपकिनमध्ये काढला. “आई! डिड यू इव्हन टेस्ट इट?”

“नैवेद्याआधी चाखतात का गं? इतकं शिकवलं तरी...”

आई काय म्हणाली, असं बाईंनी विचारलं. लेकीने लाजेने लाल होत इंग्रजीत सांगितलं. बाईंनी वळून देव्हाऱ्यातली वाटी पाहिली.

“म्हणजे पहिला घास या बिचाऱ्यांनी खाल्ला?” त्या म्हणाल्या. “आणि काही बोलले नाहीत?”

मग जे हसू सुटलं! बाई टेबलावर हात आपटत होत्या, मी पदर नव्हता म्हणून टॉवेल तोंडात कोंबला होता, नवरा तर सरळ बेसमेंटमध्ये पळाला. फक्त लेक हसत नव्हती. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते बघितलं आणि माझं हसू विरलं. मीठ घालणारी मी, आणि भोगायचं हिने. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

बाईंनी डोळे पुसले आणि एप्रन मागितला. फ्रीज उघडून माझं बिनमिठाचं पनीर काढलं, नवं पीठ मळलं आणि लेकीला बोटाने जवळ बोलावलं. गोळे वळ, म्हणाल्या.

लेकीने भराभर वळायला घेतलं. पहिला गोळा वाकडा झाला, दुसऱ्याला भेग पडली. बाईंनी तिच्या मनगटावर चापट मारली. “ही भेग तुला दिसत नाही? तेलात फुटेल, तोंडावर येईल! इतकी कसली घाई? पुन्हा कर!”

आता ही भडकणार, असं मला वाटलं. सव्वीस वर्षांत या मुलीने माझं एक वाक्य उलट उत्तर दिल्याशिवाय ऐकलेलं नाही. पण परक्यांच्या मुलीवर कोणी असं ओरडत नाही, हे तिलाही कळलं असावं. तिचे डोळे भरले, चेहरा फुलला.

“येस,” ती म्हणाली, आणि गोळा पुन्हा वळायला घेतला.