पेन्सिलीतले नंबर

माझी ताई चिडली की बोलत नाही, भांडी घासते. घासलेली भांडीसुद्धा पुन्हा घासते. गेल्या महिन्यात घरातली एकेक कढई लखलखायला लागली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती इस्पितळाच्या संशोधन विभागात सिस्टर. मी त्याच इस्पितळात नव्या यकृताच्या प्रतीक्षायादीवर, या आठवड्यापासून दाखल. तिचं काम फोनचं. यकृत बदलताना पित्तनळी नव्या पद्धतीने जोडलेल्या साठ जणांना दर महिन्याला विचारायचं: ताप येतो का, पोट दुखतं का, डोळे पिवळे झालेत का. फोन पेशंटच्याच नंबरवर करायचा, तीनदा. उचलला नाही, तर रकान्यात लिहायचं, ‘संपर्क तुटला’. आता मला सांगा, मेलेला माणूस फोन उचलेल कसा? कोणी अकलेचे तारे तोडले हे, देव जाणे.

असे बारा जण झाले. ताईला चैन पडेना. जुन्या केसपेपरांतून तिने त्यांच्या घरच्यांचे नंबर हुडकले, फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आणि जेवणाच्या सुट्टीत फोन लावले. तिघे नुसतेच नंबर बदलून बसले होते. नऊ जण गेले होते; तेही तिने तिथेच पेन्सिलीने लिहिलं. नळी गळली, पोटात पू झाला, घराजवळच्या दवाखान्यात संपले. एकाची बायको म्हणाली, “त्यांचा फोन मी बंद करून कपाटात ठेवलाय. तुम्ही आत्ता विचारताय होय? असू दे. निदान त्यांना मोजा तरी.” ताईने शब्द दिला.

ही पद्धत काढणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी फॉर्म पाहिले आणि खोडरबर तिच्यापुढे सरकवलं. “सिस्टर, घरच्यांना विचारणं नियमात बसत नाही. सांगोवांगी मृत्यू धरता येत नाहीत.”

ताईने पेन्सिलीचं सगळं खोडलं आणि त्याच जागी तेच पेनाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिची बदली चादरींच्या भांडारात झाली. एकवीस वर्षं माणसं सांभाळलेली बाई आता उशांचे अभ्रे मोजते. माझं डोकं अजून भणभणतंय.

काल मोठ्या डॉक्टरांचा सहायक संमतीपत्र घेऊन माझ्या खाटेपाशी आला. “पित्तनळी नव्या पद्धतीने जोडू, काका. आठव्या दिवशी घरी. साठांत फक्त दोन मृत्यू आहेत.”

“आणि ते बारा?”

“त्यांच्याशी संपर्क होत नाही.”

ताई स्टुलावर बसून माझ्यासाठी सफरचंद कापत होती. तिने सुरी खाली ठेवली. “होतो. लावा फोन, स्पीकरवर,” असं म्हणून तिने एक नंबर घडाघडा सांगितला.

तो चुळबुळला. “सिस्टर, हे बरं दिसत नाही.”

“सही हवीय ना माझी? मग लाव,” मी ओरडलो. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

“मी इस्पितळातून बोलतोय,” सहायक म्हणाला.

“सिस्टर नाहीत का?” पलीकडून बाईंनी विचारलं. “त्यांनी शब्द दिला होता. मोजलं का हो आमच्या ह्यांना?”

सहायक ताईकडे बघायला लागला.

“माझ्याकडे काय बघता?” ताई म्हणाली. “त्यांना सांगा.”